मदत हवी आहे : कॅलिफोर्निया झेफरच्या डोम डब्यांना वीज कुठून मिळायची?

मंडळी, अमेरिकेतल्या जुन्या कॅलिफोर्निया झेफरचं मॉडेल करायला घेतलंय. १९४९ ते १९७० या काळात शिकागो ते ओकलंड धावणारी, बड कंपनीच्या स्टेनलेस स्टील डब्यांची गाडी. तीन रेल्वे कंपन्या मिळून चालवत. डेन्व्हर आणि सॉल्ट लेक सिटीला पुढच्या कंपनीच्या हद्दीत जायची, डबे मात्र तेच. वेळापत्रकही असं की रॉकी पर्वत आणि फेदर नदीची दरी दिवसाउजेडी यावी. उगाच नाही डब्यांच्या छतावर पाच-पाच काचेचे घुमट, म्हणजे डोम, लावले!

माझं घोडं अडलंय ते विजेपाशी. थंडीत डबे तापवायला डिझेल इंजिनातल्या बॉयलरची वाफ यायची, ते कळलं. पण डोमवर ऊन तापत असताना एसी कशावर चालायचा? आपल्या जुन्या डब्यांसारखा चाकाच्या आसावर फिरणारा डायनॅमो आणि बॅटऱ्या, की डब्याखाली वेगळं डिझेल जनरेटर? नुसता डायनॅमो असेल तर डेन्व्हरनंतरच्या चढावर, गाडी रेंगाळत असताना, तो कसा पुरायचा? डब्याच्या पोटाखालचे फोटो किंवा आराखडे कुणाकडे असतील तर कृपया टाका. तिथल्या पेट्या नेमक्या कुठे बसवायच्या तेच कळेना.