डॉक्टर राहून रिसर्च म्हणजे फक्त लॅबच का?

शेवटचंवर्ष:
मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेशंटशी बोलायला, हिस्ट्री घ्यायला, निदानापर्यंत पोचायला मनापासून आवडतं, ते सोडायचं नाहीये. पण वॉर्डात सारखं असं काहीतरी दिसतं ज्याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही, म्हणजे आजार तोच, औषध तेच, डोस तोच, एक पेशंट ठणठणीत होऊन घरी जातो आणि शेजारच्या बेडवरच्याला काडीचा फरक पडत नाही. असं का होतं हे डोक्यातून जात नाही. सीनियरना विचारलं की दोनच सल्ले मिळतात, एकतर आधी पीजी कर, हात बसू दे, रिसर्चचं नंतर बघ, नाहीतर पीएचडी कर, लॅबमध्ये जा आणि पेशंट विसर. खरंच दोनच रस्ते आहेत का? पिपेट आणि उंदीर यात माझा जीव रमेल असं वाटत नाही, मग मी रिसर्चसाठी नाहीच का? जे प्रत्यक्ष यात आहेत त्यांनी प्लीज सांगा.

पेशीवाली:
मी डॉक्टर आहे आणि लॅबमध्येच आहे, तरी सांगते की लॅब हा यातला एक कोपरा आहे फक्त. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंच बघ ना, स्टॅटिन. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ लोकांची नोंद सुरू झाली, त्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट सगळं लिहून ठेवायचं आणि पुढे कुणाला हार्टचा त्रास होतो ते वर्षानुवर्षं बघत राहायचं. तिथे पिपेटचं काम फार थोडं, चिकाटीचं जास्त. मग ब्राऊन आणि गोल्डस्टीन, दोघेही डॉक्टर, त्यांनी अशी मुलं बघितली ज्यांना जन्मापासून कोलेस्टेरॉल भयंकर आणि लहानपणीच हार्ट अटॅक, त्यांच्या त्वचेच्या पेशी वाढवून बघितल्या तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पेशीच्या आत घेणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं दारच, बिघडलेला. त्याला १९८५ चं नोबेल. त्याच काळात जपानमध्ये अकिरा एंडो, हे डॉक्टर नव्हेत, बायोकेमिस्ट, सहा हजारांवर बुरशा वगैरे तपासत बसले आणि पहिलं स्टॅटिन त्यांच्या हाताला लागलं. आणि एवढं होऊनही लोक वाचतात की नाही ते कुणाला माहीत नव्हतं! ते ठरलं १९९४ मध्ये, स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांच्या ट्रायलमध्ये, सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. आता यातलं कुठलं काम खरा रिसर्च आणि कुठलं दुय्यम, सांग बरं. यातला एक जरी गट नसता तरी आपण आज ही गोळी इतक्या खात्रीने लिहून दिली नसती.

आकडेमोड:
पेशीवालीताईंशी सहमत, फक्त एक भर. ट्रायल आणि एपिडेमिऑलॉजीत (आजार कुठल्या लोकांना, किती आणि का होतो त्याचा अभ्यास) जाणाऱ्यांना लोक 'डेटावाले' म्हणून बाजूला टाकतात त्याचा मला मनापासून राग येतो. माझं अर्धं काम पेशंटशी बोलण्याचंच आहे, कन्सेंट घेताना समोरच्याला खरंच समजलंय का ते बघणं, फॉलोअपला न आलेल्याला फोन करणं, तो का आला नाही ते ऐकून घेणं. पेशंट मधूनच गळायला लागले की कितीही भारी स्टॅटिस्टिक्स लावा, उत्तर लंगडंच येतं. आणि तुझा जो प्रश्न आहे ना, एकाला लागू पडतं एकाला नाही, तो चारही बाजूंनी सोडवता येतो. जनुकं बघता येतात, रक्तातली औषधाची पातळी मोजता येते, शेकडो पेशंटचे रेकॉर्ड चाळता येतात, किंवा तो दुसरा पेशंट गोळ्या घरी नीट घेतो का एवढंच शोधता येतं, आणि पुष्कळदा उत्तर या शेवटच्यातच निघतं. म्हणून 'लॅब की क्लिनिक' हे आत्ता ठरवत बसू नकोस, कुठल्या पद्धतीने उत्तर शोधताना तुला तहानभूक राहत नाही ते बघ.

वॉर्डातला:
वरचं सगळं बरोबर आहे पण कुणीतरी वेळेबद्दलही बोलायला हवं. कागदावर लिहिलेलं असतं की आठवड्यातले इतके दिवस रिसर्चचे, प्रत्यक्षात ओपीडी वाढते, कुणी रजेवर जातं, सीरियस पेशंट येतो आणि तुमचा रिसर्चचा दिवस पहिला जातो, कारण पेशंट थांबू शकत नाही आणि पेपर थांबू शकतो. त्यात एथिक्स कमिटी, ग्रँटचे अर्ज, ते नामंजूर होणं, परत लिहिणं. १९७९ मध्येच अमेरिकेत वायनगार्डन नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की संशोधन करणारे डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जमात आहे, म्हणजे ही ओढाताण आजची नाही. नोकरी घेताना पगाराआधी हा वेळ लेखी मागून घे, आणि तो राखणारा विभागप्रमुख आहे का ते बघ.
लॅब जमणार नाही हे मात्र इतक्यात ठरवू नको. लेफ्कोविट्झ कार्डिऑलॉजिस्ट, एनआयएचमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत, गेले तेव्हा त्यांना डॉक्टरकीच करायची होती, सुरुवातीचे प्रयोग तर फसतच गेले, मग परत रेसिडेन्सीला गेल्यावर लक्षात आलं की लॅबची ओढ लागलीय. रिसेप्टरच्या कामाला २०१२ चं नोबेल मिळालं.

शेवटचंवर्ष:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच डोळे उघडले. अजून एक विचारते, आत्ता पीजी करून पाच-सात वर्षं नुसती प्रॅक्टिस झाली तर मग उशीर होतो का? आणि पीएचडी नसेल तर लोक गंभीरपणे घेतात का?

पेशीवाली:
उशीर म्हणशील तर व्हर्जिनिया ॲपगार बघ. सर्जरी शिकल्या, मग भूलतज्ज्ञ झाल्या, नवजात बाळाची तब्येत जन्मताच जोखणारा तो ॲपगार स्कोअर १९५३ मध्ये छापला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पब्लिक हेल्थची डिग्री घेऊन जन्मजात दोषांच्या कामाकडे वळल्या. त्या स्कोअरला ना मोठी लॅब लागली ना मशीन, बाळाकडे नीट बघणं लागलं.
पीएचडीचं म्हणशील तर पेशींचं किंवा जनुकांचं खोल काम करायचं असेल तर ती तीन-चार वर्षं देच, तिथे शॉर्टकट नाही. नाहीतर पीएचडीवाल्यांशी जोडी जमव. करिको बायोकेमिस्ट, वाइसमन डॉक्टर, झेरॉक्स मशीनपाशी ओळख झाली, २००५ ला त्यांचा एमआरएनएचा, म्हणजे पुढे कोविडच्या लसींत वापरलेल्या तंत्राचा, पेपर आला आणि २०२३ ला दोघांना मिळून नोबेल. एकट्याने सगळं यायलाच पाहिजे हे खूळ आधी काढून टाक.

आकडेमोड:
आणि गाईड निवडताना नुसती पेपरची यादी बघू नकोस. त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी शोध, त्यांना सरळ फोन कर आणि विचार की पहिला पेपर कुणाच्या नावावर छापला, रिझल्ट निगेटिव्ह आल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणाले, आणि वॉर्ड ड्युटी असताना प्रयोगाला किंवा डेटाला वेळ मिळायचा का. जे गडबडून विषय बदलतील त्यांच्या गाईडकडे जाऊ नकोस. तुझ्या आवडीचा विषय कुठला ते इथे लिहिलंस तर अजून नेमकं सांगता येईल.