प्रजाती ओळखून देणाऱ्या जाणकारांची निवड आणि मान: गोव्यातल्या निसर्गनोंदी

सडा_आणि_पाऊस (प्रश्न)

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर आमचा गोव्यापुरता प्रकल्प आहे. सड्यावरची (कातळपठारावरची) पावसाळी फुलं, फुलपाखरं, पतंग, बेडूक आणि थोडे किनाऱ्यावरचे शंखशिंपले. फोटो टाकणारे पुष्कळ, प्रजाती ठरवून देणारे मोजके, आणि तेही सगळे विनामोबदला. वर्षअखेरीस त्यांच्यातल्या काहींना 'जाणकार' म्हणून जाहीर मान द्यायचा आहे. प्रकल्पाच्या पानावर ओळख देणाऱ्यांची यादी असते, तिच्यातले पहिले दहा घेतले तर चालेल का? आणि द्यायचं काय? शाल-श्रीफळ नको.

खाजनकाठ

पहिले दहा घेऊ नका. त्या यादीत नुसता आकडा असतो. आधीच बरोबर ठरलेल्या नावाखाली 'सहमत' दाबत गेलं तरी तो फुगतो.

प्रत्येक ओळखीला तिथे एक वर्ग मिळतो. नाव सर्वांत आधी सुचवलं आणि इतरांनी नंतर मान्य केलं तर 'इम्प्रूव्हिंग', मागून दुजोरा दिला तर 'सपोर्टिंग', समुदायाच्या मतापुढे जाऊन नेमकं नाव दिलं पण अजून कुणी मान्य केलेलं नाही तर 'लीडिंग', आणि समुदायाच्या मताविरुद्ध असेल तर 'मॅव्हरिक'. तुम्हाला पहिला वर्ग मोजायचा आहे, तोही दोन चाळण्या लावून. स्वतःच्याच नोंदींवरच्या ओळखी वगळा, नाहीतर संगणकाने सुचवलेलं नाव स्वतःच्या फोटोला लावणाराही वर येतो. आणि फक्त प्रजातीच्या पातळीवरच्या ओळखी ठेवा, कारण 'अज्ञात' नोंदीला 'कीटक' म्हटलं तरी ती इम्प्रूव्हिंगच ठरते. (तशी झाडलोट करणाऱ्यांचे उपकार आहेतच, पण तो मान वेगळा.)

नेहमीच्या नोंदी-निर्यातीत कुणी काय ओळखलं ते येत नाही, फक्त सहमत-असहमतांची संख्या येते. त्यासाठी एपीआय (प्रोग्रॅमने संकेतस्थळाकडून थेट माहिती मागवायची सोय) वापरावं लागतं. एका पानावर २०० ओळखी मिळतात. सेकंदाला एक विनंती, याहून घाई करू नका.

मॅव्हरिक म्हणजे चुकलेला, असं मात्र धरू नका. समुदायाचं नाव ठरायला दोन-तृतीयांशांहून जास्त मतं लागतात. तिघांनी चुकीचं नाव दिलं आणि एकाने बरोबर, तर तीन-चतुर्थांशाने चूक जिंकते आणि खरा जाणकार मॅव्हरिक ठरतो. दोन चुकीची मतं कुणी मागे घेतलीच नाहीत तर ती उलटवायला पाच बरोबर मतं लागतात. चार पुरत नाहीत, कारण सहापैकी चार म्हणजे नेमकं दोन-तृतीयांश, जास्त नाही. म्हणून मॅव्हरिक ओळखी एकेक उघडून वाचा. खरी माणसं बहुतेक तिथेच सापडतात.

पिवळी_भिरभिर

आकड्यांनी फक्त उमेदवार निघतील. निवड वाचूनच करावी लागेल, आणि गटवार. फुलपाखरांतला जाणकार पतंगांत जाणकार असतोच असं नाही.

आमच्याकडची पद्धत अशी: प्रत्येक उमेदवाराच्या त्याच्या गटातल्या ३० ओळखी यादृच्छिक काढायच्या, नावं झाकायची आणि त्याच गटातल्या दोघांना वेगवेगळ्या तपासायला द्यायच्या. निकाल चूक-बरोबर एवढाच नको. 'फोटोवरून हे नाव ठरतं का?' हा वेगळा रकाना ठेवा.

उदाहरणार्थ ग्रास यलो ही पिवळी फुलपाखरं. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधल्या कोषात (शिरांनी वेढलेल्या भागात) दोन ठिपके असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचा तो भाग मागच्या पंखाआड गेला असेल तर प्रामाणिक माणूस 'युरेमा' या जीनसवर (प्रजातीच्या वरच्या पातळीवर) थांबतो. अशी थांबलेली ओळख प्रजातीच्या चाळणीत गळते, म्हणून ती हाताने परत आत घ्या. पतंगांत हे जास्तच, काही गटांत जननेंद्रियं तपासल्याशिवाय प्रजाती सांगताच येत नाही. झुडपांतल्या छोट्या बेडकांच्या बाबतीत फोटोपेक्षा आवाजाचं ध्वनिमुद्रण मागणारा माणूस शोधा.

कारण लिहिणाऱ्याला जास्त गुण. नुसतं नाव देणाऱ्यापेक्षा 'ठिपके बघा' असं एका ओळीत सांगणारा पुढचे दहा निरीक्षक घडवतो. आणि पुरावा दिसल्यावर स्वतःचं मत मागे घेणाऱ्यालाही गुण द्या. वरचं पाच मतांचं गणित त्याच्यामुळेच टळतं.

ओहोटीची_वेळ

काय द्यायचं त्याबद्दल. नोंद रिसर्च ग्रेड झाली (म्हणजे तिचं नाव समुदायाने मान्य केलं) आणि तिचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना सीसी-झीरो, सीसी-बाय किंवा सीसी-बाय-एनसी असला तर ती जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्याकडे जाते. तिथे ओळख देणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. प्रोफाइलमध्ये पूर्ण नाव नसेल तर त्यात टोपणनावच जातं. तेव्हा पहिलं काम, निवडलेल्यांना त्यांची इच्छा असल्यास खरं नाव लिहायला आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाला मिळणारा ओळख क्रमांक) खात्याला जोडायला मदत करा. क्रमांक १६ अंकी, फुकट मिळतो, वेळ फार जात नाही.

तुम्ही गोव्याची प्रजातीसूची छापणार असाल तर ज्याने एखादा अख्खा गट तपासून दिला त्याला सहलेखक करा, आभारात ढकलू नका. आधी मसुदा पाठवून होकार घ्या. विद्यार्थी असेल तर प्रमाणपत्रापेक्षा कोणता गट, कोणता काळ, किती नोंदी तपासल्या हे लिहिलेलं पत्र कामी येतं. वस्तूच द्यायची तर दहापट भिंग.

एक गोष्ट बक्षीस म्हणून कधीही देऊ नका: प्रकल्पातलं व्यवस्थापकपद. ज्या सदस्यांनी प्रकल्पावर विश्वास ठेवून परवानगी दिली आहे, त्यांच्या झाकलेल्या नोंदींची नेमकी ठिकाणं व्यवस्थापकांना दिसतात. बाहेरच्यांना ०.२ बाय ०.२ अंशांचा चौकोन दिसतो, साधारण २२ किलोमीटरचा. गोव्यात त्यात अख्खा तालुका मावेल. ऑर्किड (इथे फूल म्हणतोय, क्रमांक नव्हे) आणि साप यांची नेमकी जागा किती जणांना कळते ते वाढवत नेऊ नका.

सडा_आणि_पाऊस

समजलं. पण जे संकेतस्थळावर नाहीतच त्यांचं काय? सत्तरी तालुक्यात अळमी (वारुळावर उगवणारी खाण्याची अळंबी) ओळखणाऱ्या बायका आहेत, आमच्या निम्म्या बुरशीच्या नोंदी त्यांना विचारून झाल्या आहेत.

खाजनकाठ

नोंदीच्या टिपेत 'ओळख अमुक यांनी सांगितली' असं लिहा, पण त्यांना विचारून. पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते, तिच्यात स्थानिक जाणकारांची नोंद करता येते, तिथे नावं घालायला सांगा. वारुळाची जागा मात्र कुठेच लिहू नका, टिपेतही नाही, आणि नोंदीचं ठिकाण झाकून ठेवा. पुढच्या पावसात त्यांच्याआधी दुसरंच कुणी तिथे पोचेल.