ढकललेल्या कपाटाची ऊर्जा

कपाट ३ मीटर सरकवलं, शेवटी ते स्थिरच. मग लावलेली ऊर्जा गेली कुठे? उष्णतेत. ६० किलोचं कपाट, घर्षणांक (वजनाच्या किती पट घर्षण, तो आकडा) ०.४ धरला तर बल साधारण २३५ न्यूटन, कार्य म्हणजे बल गुणिले अंतर ७०५ ज्यूल. एवढ्यात १०० ग्रॅम पाणी जेमतेम १.७ अंशांनी तापेल, म्हणून फरशी गरम लागत नाही.

पहिला धक्का जड जातो, कारण स्थितिक घर्षण, म्हणजे थांबलेल्या वस्तूचं घर्षण, जास्त. एकदा हललं की थांबू नका, नाहीतर तो जोर पुन्हा लावावा लागतो.

महत्त्वाचं म्हणजे हात कुठे लावता. ४५ सेंमी खोलीचं कपाट मागून ढकलताना स्थितिक घर्षणांक ०.५ असेल, तर जमिनीपासून ४५ सेंमीपेक्षा वर जोर लावल्यास ते सरकण्याआधी कलंडतं. आधी रिकामं करा, पायांखाली जुनी सतरंजी सरकवा आणि खालूनच रेटा.