नवे कार्बन बसवल्यावर ड्रिलमधील ठिणग्या वाढल्या : दोष ब्रशचा की आर्मेचरचा?

माझ्याकडे घरगुती वापराचे, वायरवर चालणारे ६०० वॅटचे हॅमर ड्रिल आहे. सात वर्षांत त्याला फारसे काम पडले नाही. तरी गेल्या महिन्यात भिंतीत भोक पाडताना ते मध्येच बंद पडू लागले आणि बॉडीवर हलकी थाप मारली की पुन्हा चालू होई. स्विचवर संशय घेण्याआधी कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, पाहावेत म्हणून प्लग काढला आणि दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडल्या. एका बाजूचा ब्रश जेमतेम ५ मिलिमीटर उरला होता, तर दुसरा चांगला ९ मिलिमीटर होता.

ही विषम झीज मला पटली नाही. एसी पुरवठ्यावर चालणाऱ्या युनिव्हर्सल (एसी-डीसी दोन्हींवर चालू शकणाऱ्या) मोटरमध्ये प्रवाहाची दिशा सतत उलटत असल्याने दोन्ही ब्रश साधारण सारखेच झिजायला हवेत. आखूड ब्रश मात्र होल्डरमधून सहज निघेना, त्याच्या तांब्याच्या वेणीला धरून ओढावा लागला. आत भिंतीची धूळ आणि कार्बनची भुकटी मिळून काळा थर बसला होता, म्हणजे ब्रश अडकून कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या नळकांड्यावर) नीट टेकत नसावा आणि ठिणग्यांनीच खाल्ला गेला असावा.

होल्डर साफ करून नवी जोडी बसवली. नवे ब्रश किंचित जाड असल्याने काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, ते होल्डरमध्ये स्वतःच्या वजनाने सरकतील इतके घासून घेतले. पूर्वी हवेच्या फटींतून बारीक निळसर ठिणग्या दिसत, त्या आता पिवळट आणि लांब झाल्या आहेत. कम्युटेटरभोवती आगीचे पूर्ण कडे दिसत नाही, एवढाच दिलासा.

भार न देता दहा मिनिटे चालवून ब्रश पुन्हा काढले. टोकाचा एका कडेचा पट्टा, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश भाग, आरशासारखा चकाकत होता आणि उरलेला भाग नव्यासारखाच मंद होता. यावरून ब्रश अजून कम्युटेटरच्या गोलाईला बसलेले नाहीत हे उघड आहे, आणि तेवढेच कारण असते तर मी हा प्रश्न लिहिलाच नसता.

बॉडी उघडून आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारेची वेटोळी असलेला भाग) बाहेर काढले, तेव्हा कम्युटेटरच्या २४ पट्ट्यांवर एकसारखा तपकिरी थर दिसला. तो चांगला असतो हे ठाऊक असल्याने त्याला हात लावला नाही. फक्त शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा काळ्या पडल्या आहेत. मल्टिमीटरने लगतच्या जोड्या मोजल्या असता २३ जोड्यांचा रोध १.१ ते १.३ ओहम आला, पण काळ्या जोडीचा १.९. प्रोब काळ्या थरावर टेकल्याने आकडा वाढला असेल या शंकेने तेवढाच भाग हलका घासून पुन्हा मोजले, तरी १.८ च्या खाली तो उतरला नाही. वेटोळे तुटलेले असते तर आकडा याच्या कितीतरी पट आला असता. म्हणून माझा संशय पट्टीच्या हुकमध्ये वायर जिथे जोडलेली असते, त्या सैल जोडावर आहे.

साध्या मल्टिमीटरने एवढ्या कमी रोधातील ०.६ ओहमचा फरक विश्वासार्ह मानावा का? मानावा, तर तो जोड पुन्हा डाग देऊन (सोल्डर करून) टिकतो, की चालू मोटरच्या उष्णतेने आणि वेगाने सुटतो आणि अखेर आर्मेचरच बदलावे लागते? पट्ट्यांमधील वीजरोधक अभ्रक तांब्याच्या पातळीला आलेले वाटते. ते खरवडून खाली घ्यावे, की ही खटपट आर्मेचरचा निकाल लागल्यावरच करावी?

कम्युटेटर स्वच्छ करायचाच झाला, तर एमरी पेपर वापरणार नाही, कारण त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांमध्ये अडकतात. मुख्य अडचण क्रमाची आहे. जोड खरोखर सैल असेल, तर ब्रश गोलाईला बसावेत म्हणून आणखी अर्धा तास मोकळे चालवल्याने त्याच दोन पट्ट्या अधिक जळतील. आणि जोड ठीक असेल, तर त्या अर्ध्या तासातच प्रश्न सुटेल. ज्यांनी अशी आर्मेचर स्वतः उघडून पाहिली आहेत, त्यांनी आधी काय केले असते?