टाचेच्या कोपऱ्यातील भोक : उसवावे की आतून शिवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. घोट्याकडून बोटांकडे मोजे विणताना, टाचेच्या पट्टीच्या कडांवरून टाके उचलल्यावर, ती पट्टी आणि पावलाच्या वरच्या भागाचे टाके जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात भोक राहते. कोपऱ्यातून एक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणल्याने डावी बाजू मिटली, उजवी मात्र सैलच राहिली. उचललेला टाका मागच्या बाजूने सुई घालून विणल्यास पिळला जाऊन घट्ट बसतो. परंतु हे उचललेल्या सर्व टाक्यांना करावे की केवळ कोपऱ्यातील टाक्याला, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. तिथे लोकर ओढून धरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने भोक मिटण्याऐवजी शेजारी सरकते, असे मला वाटते.

आता पाऊल बरेचसे विणून झाले आहे. टाचेपर्यंत उसवावे, की उरलेल्या लोकरीने आतून शिवून भागेल? ती शिवण बुटात टोचेल का? (उसवण्याचे दुःख नाही, कंटाळा आहे तो सगळे टाके पुन्हा सुयांवर घेण्याचा.) उसवायचेच झाल्यास टाके निसटू नयेत म्हणून आधी गुळगुळीत धागा ओवून ठेवणार आहे, तो टाचेजवळ नेमक्या कोणत्या फेरीत ओवावा, हेही कृपया सांगावे.