कोरोनात आयसीयूतून वाचले, पण अजून ध्यानात राहत नाही: आधी काय तपासायचं?

प्रश्न: समुदाय आरोग्य अधिकारी, चोपडा तालुका

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आयसीयूत राहून आलेले, ५० ते ६५ वयाचे रुग्ण उपकेंद्रात येतात. घरच्यांची तक्रार एकच: "ध्यानमा ऱ्हात नही." माणसं ओळखतात, जुनं सगळं आठवतं. पण केळीला खत सोडलं की नाही ते विसरतात, दोघं एकदम बोलले की गोंधळतात, हिशेबाला दुप्पट वेळ लावतात. सीटी स्कॅन नॉर्मल, म्हणून घरात "ढोंग करतात" असंही ऐकवलं जातं. हा विस्मरणाचा आजार धरायचा की त्या आजारपणाचा उरलेला परिणाम? उपकेंद्रात काय बघता येईल आणि घरी काय करून घ्यायचं?

उत्तर: फिजिशियन, धुळे

ताई, पहिलं काम म्हणजे घरच्यांच्या डोक्यातून तो 'ढोंग' शब्द काढा. सीटी नॉर्मल म्हणजे रक्तस्राव, गाठ किंवा मोठा पक्षाघात नाही, एवढंच. विचारांचा वेग स्कॅनमध्ये दिसत नाही. केंब्रिजमध्ये २०२० साली वॉर्डात किंवा आयसीयूत राहिलेल्या ४६ कोरोना रुग्णांची साधारण सहा महिन्यांनंतर चाचणी घेतली, तेव्हा बुद्धीतली सरासरी घट ५० ते ७० या वयात होते तेवढी निघाली. कोरोनाच्या आधीही, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ८२१ अतिदक्षता रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात जितके दिवस भ्रम जास्त, तितकी वर्षभरानंतरची बुद्धी कमजोर असं दिसलं होतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसता एचआरसीटी (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर पाहू नका. व्हेंटिलेटरवर किती दिवस, ऑक्सिजन किती खाली गेला, मिडाझोलामसारखी गुंगीची औषधं किती दिवस, रुग्ण बडबडत होता का, हात बांधावे लागले होते का, हे घरच्यांना विचारा.

फरक ओळखायला उतार-चढाव विचारा. आयसीयूचा परिणाम सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, मग सावकाश सुधारतो किंवा एका जागी थांबतो. दरवर्षी वाढत चालला असेल तर दुसरं काही शोधायला हवं.

पाच शब्द सांगा: विळा, आंबा, देऊळ, बैल, निळा. दोनदा म्हणवून घ्या, पाच मिनिटं दुसरं बोला, मग विचारा. आठवलं नाही तर खूण द्या, "एक फळ होतं." खुणेनं आठवलं तर गोष्ट आत साठलेली आहे, बाहेर काढायला वेळ लागतोय, या रुग्णांत बहुधा हेच दिसतं. तीन पर्याय देऊनही आठवत नसेल तर मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवा. यावरून दिशा कळते, निदान होत नाही. आणि चाचणी त्यांच्या घरच्या बोलीत, अहिराणीतच घ्या. पुस्तकी मराठीत विचारून मिळालेले कमी गुण भाषेचे असतात, मेंदूचे नव्हे.

मग रक्त: बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, सोडियम. हिमोग्लोबिन चांगलं म्हणून बी१२ सोडू नका. शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी१२ बऱ्याचदा कमी मिळतं. आयसीयूतल्या स्टेरॉइडनंतर ज्यांची साखर वर राहिली, त्यातले कोणी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड घेऊन न्याहारी न करता शेतात जातात. अकराच्या सुमारास होणारा गोंधळ साखर उतरल्याचा असू शकतो, त्याच वेळी ग्लुकोमीटर लावून बघा.

उत्तर: औषधनिर्माता, अमळनेर

एक भर. दवाखान्यातून येताना झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अजून चालू आहे का, ते डबा मागवून बघा. सर्दीची क्लोरफेनिरामाइन असलेली गोळी, अंगदुखीसाठीची अमिट्रिप्टिलिन, याही डोकं जड करतात. पण झोपेची गोळी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून आठवड्यांच्या हिशेबानं उतरवून घ्या. उन्हाळ्यात पारा ४४ वर असताना रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियम मे महिन्यात पुन्हा तपासा.

उत्तर: ऑक्युपेशनल थेरपिस्ट, जळगाव

घरच्या कामाचं सांगते. यासाठी सिद्ध झालेलं औषध नाही. मोबाइलवरचे बुद्धीचे खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, खताचा विसर तसाच राहतो. ज्या कामात चूक होते, तेच काम बांधून द्यावं लागतं.

ठिबकमधून खत सोडण्याचंच घ्या. एकूण वेळेचे तीन भाग: आधी साधं पाणी, मधल्या भागात खत, शेवटी पुन्हा साधं पाणी. चूक दोन जागी होते. शेवटचं पाणी विसरलं की क्षार साचून ड्रिपर बुजतात. खत सोडल्याचं विसरलं की दुसऱ्यांदा सोडलं जातं आणि मुळं करपतात. म्हणून आठवड्याची खताची पुडी तारीख घालून आधीच वेगळी बांधा. पुडी रिकामी म्हणजे काम झालं, आठवायची गरजच नाही. पंपाजवळ पाटी लावा, तीन ओळी, तीन चौकोन. खूण काम झाल्या झाल्या करायची, घरी येऊन नाही.

नवीन गोष्ट शिकवताना "आठवा बघू" म्हणून ताणू नका, चुकीचं उत्तरच पक्कं होतं. बरोबर उत्तर आधी सांगा, मग ३० सेकंदांनी विचारा, १ मिनिटानं, २, ४, ८ मिनिटांनी. चुकलं तर लगेच उत्तर सांगून मागच्या जमलेल्या अंतरावर या. एका वेळी एकच माणूस बोलेल आणि टीव्ही बंद असेल, एवढ्यानंही बराच फरक पडतो. हिशेब सकाळी, २० मिनिटं काम आणि १० मिनिटं विसावा.

प्रश्नकर्त्या

शेतीपंपाला रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात त्रास वाढतो, असं तीन घरांतून सांगितलं. आणि चालताना दम लागतो त्यांचं काय?

उत्तर: फिजिशियन, धुळे

रात्री दोनला मोटर लावायला उठणाऱ्याची झोप तुटते आणि लक्ष सगळ्यात आधी ढासळतं. त्या आठवड्यात पाण्याची पाळी घरातल्या दुसऱ्यानं घ्यावी. घोरणं, झोपेत श्वास अडकणं आहे का तेही विचारा. दम लागणाऱ्यांना ऑक्सिमीटर लावून एक मिनिट खुर्चीवरून उठ-बस करायला लावा. आकडा ३ किंवा जास्त उतरला तर फुप्फुसांच्या तपासणीला पाठवा.

तोंड वाकडं, एका बाजूची ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला रुग्ण डोक्यावर पडला असेल आणि काही आठवड्यांत सुस्त होत चालला असेल, तर जुना नॉर्मल सीटी धरू नका, नवा काढायला लावा.