मदत हवी आहे: दुसऱ्या कुत्र्याने फाडल्यापासून आमचा ३८ किलोचा खंडू रस्त्यावर आवरत नाही

नमस्कार मंडळी. लांब लिहिणार आहे, आधीच माफी मागते, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणालाच नीट सांगता येणार नाही.

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो, घरामागे कुळागर (माडा-पोफळीची बाग) आणि पुढे डांबरी रस्ता. खंडू पाच वर्षांचा आहे, लॅब्रेडॉर आणि कसला तरी मोठा गावठी यांचा मिक्स, वजन ३८ किलो. चंपाषष्ठीला घरी आला म्हणून सासूबाईंनीच खंडू नाव ठेवलं. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो, त्यामुळे खंडूला फिरवणारी मी एकटीच, आणि माझं वजन ५२.

बावीस दिवसांपूर्वी सकाळी आमच्याच फाटकासमोर वरच्या वाड्यावरचा एक रॉटवायलर त्याच्या अंगावर आला. त्यांचं फाटक उघडं राहिलं होतं. खंडूला लीश होती, त्याला पळताही आलं नाही. त्या कुत्र्याने मानेला उजवीकडून धरलं ते सोडेचना. मी नुसती ओरडत होते. सासरे धावत आले आणि त्यांनी मध्ये हात घातला, त्यांच्या मनगटाला दात लागला, रक्त आलं. शेवटी शेजाऱ्यांनी पाण्याची बादली ओतली तेव्हा सुटले दोघे. मिनिट-दीड मिनिट झालं असेल, पण मला आजही झोपेत तेच दिसतं.

सासऱ्यांचा हात लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतला, मग आरोग्य केंद्रात नेलं. जखमेभोवती सीरमचं इंजेक्शन दिलं आणि रेबीजच्या लसीचे तीन डोस झाले, २८व्या दिवसाचा बाकी आहे. ते ठीक आहेत.

खंडूच्या बाबतीत मात्र माझी मोठी चूक झाली. केसांत फक्त दोन छोटी भोकं दिसत होती, रक्त थांबलेलं, म्हणून मी हळद भरली आणि उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मान सुजून घागरीएवढी, अंग तापलेलं, पाणीसुद्धा पिईना. व्हेटने केस काढले तर आत कातडी मांसापासून सुटून मोठा खळगा झालेला. दात आत रुतवून तो कुत्रा झटके देतो ना, तेव्हा बाहेर भोक एवढंसं आणि आत सगळं फाटलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. मग भूल देऊन साफ केलं, पू निघायला रबराची नळी ठेवली, अँटिबायोटिक्स, गळ्यात कोन. पावसाळा असल्यामुळे माशी बसून किडे पडायची भीती, म्हणून रोज दोनदा सलाईनने धुऊन व्हेटने दिलेला स्प्रे मारत होते आणि त्याला दिवसभर जाळीच्या खोलीत ठेवलं होतं. बाराव्या दिवशी टाके काढले. जखम आता सुकलीय.

आता खरा प्रश्न. जखम भरली पण खंडू आधीचा राहिलेला नाही.

आमच्याकडे सकाळी साडेसहाला पोदेर (पाववाला) येतो सायकलवरून. आधी त्याचा पोंय पोंय हॉर्न वाडीच्या तोंडाशी वाजला की खंडू फाटकाशी जाऊन बसायचा, कारण पोदेर त्याला रोज एक उंडो (गोल पाव) द्यायचा. पाच वर्षं हे चाललं होतं. परवा तोच हॉर्न ऐकून खंडू फाटकावर असा धडकला की पोदेर बिचारा सायकलवरून उतरून उभा राहिला. त्या सकाळी हल्ला झाला तेव्हा पोदेर नुकताच येऊन गेला होता, म्हणून असेल का?

रस्त्यावर तर त्याहून वाईट. लांबवर कुत्रा दिसला की आधी थांबतो, तोंड मिटतं, कान पुढे, पाठीवरचे केस उभे, आणि मग एकदम झेप. गेल्या आठवड्यात मी पडले, गुडघा फुटला, लीश हाताला गुंडाळली होती त्यामुळे बोट सुजलं. तरी मी लीश सोडली नाही. मला त्याची भीती वाटत नाही हो, तो मला धरून ठेवता येईल का याची वाटते. सुटला आणि एखाद्या छोट्या कुत्र्याला काही केलं तर?

आणि एक. परवा मानेजवळ पुसत होते तर माझ्यावर गुरगुरला, माझा हात तोंडात घेतला, दात दाबले नाहीत. सासूबाई म्हणतात बिघडला, साखळीने कुळागरात बांध. शेजारी म्हणतात एकदा काठीने सरळ कर. मला दोन्ही करायचं नाहीये.

चवथ (गणेश चतुर्थी) महिन्यावर आलीय. घरात पंचवीस माणसं, घुमट आरत्या, फटाके. तोपर्यंत काय करू? कोणी अशा मोठ्या कुत्र्याला यातून बाहेर काढलंय का?

प्रतिसाद (डिचोलीहून)

ताई, आधी एक सांगतो, बांधू नका आणि मारू तर अजिबात नका. माझा शेफर्ड तीन भटक्यांनी मिळून फाडला होता, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं.

गुरगुरला म्हणून रागावू नका. तो सांगतोय की दुखतंय, हात लावू नको. गुरगुरण्याबद्दल ओरडा बसत राहिला तर तो गुरगुरणं सोडून देईल आणि पुढच्या वेळी न सांगता चावेल. हात तोंडात घेऊन दात दाबले नाहीत, म्हणजे एवढ्या दुखण्यातही त्याने स्वतःला आवरलं. वरून सुकलं तरी आत मानेचे स्नायू दुखत असू शकतात, तेव्हा व्हेटला परत दाखवा आणि मुद्दाम विचारा की मान वळवताना, जिना चढताना दुखतं का. दुखणं राहिलं असेल तर बाकीचं ट्रेनिंग पालथ्या घड्यावर पाणी. आणि घरातली क्रोसिन, ब्रूफेन देऊ नका कोणी सांगितलं तरी, ब्रूफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

दुसरं, मानेतला पट्टा आजपासून बंद. जिथे फाडलं तिथेच पट्टा ओढला जातोय, म्हणजे प्रत्येक वेळी कुत्रा दिसला की मान दुखते, आणि त्याच्या डोक्यात कुत्रा म्हणजे दुखणं हेच पक्कं होतं. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घ्या. पुढून लीश लावली की झेप घेतली तरी तो तुमच्याकडे वळतो, तुम्ही फरफटत जात नाही. जुन्या जखमेवर पट्टी घासत नाही ना तेवढं बघा. लीश हाताला कधीच गुंडाळू नका, बोट मोडतं. अंगठ्यात फास अडकवून मूठ मिटायची आणि दोन्ही हात पोटाशी धरायचे, म्हणजे सगळ्या अंगाचं वजन लागतं.

निदान दोन आठवडे रस्ता बंद करा. कुळागर आहे ना, नशीबवान आहात. तिथेच लांब दोरीवर फिरवा, जेवण ताटलीत न देता माडाच्या पानांत, गवतात पसरून टाका, नाकाने शोधू दे. दहा मिनिटं हुंगलं की लांब फिरून आल्यासारखा दमतो आणि शांत होतो.

प्रतिसाद (पेडण्याहून)

खंडूला हल्ल्यानंतर रेबीजचा बूस्टर दिला का ते कुठे लिहिलं नाही. आधीची लस चालू असली तरी चावल्यानंतर परत देतात, व्हेटला विचारून घ्या. दुसरा कुत्रा चावल्यानंतर दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत होता का हेही बघा, कारण चावताना त्याच्या लाळेत विषाणू असता तर तेवढ्या दिवसांत तो आजारी पडून गेलाच असता. गोव्यात २०२१ मध्ये रेबीज नियंत्रणात आल्याचं सरकारने जाहीर केलं, ती लसीकरणाची मोठी कमाई आहे, पण शेजारच्या राज्यांतून कुत्री येतात-जातात, तेव्हा सासऱ्यांचा २८व्या दिवसाचा डोस चुकवू नका.

पुन्हा कधी भांडण झालं तर तोंडाजवळ हात घालायचा नाही. दोन माणसं असतील तर दोघांनी एकेका कुत्र्याचे मागचे पाय वर उचलून ढकलगाडीसारखं मागे ओढायचं आणि गोल वळवत न्यायचं. पण दात रुतलेले असताना ओढलं तर मांस फाटतं, म्हणून पकड सुटली की मगच. एकट्या असाल तर पाणी, नाहीतर छत्री. पावसाळ्यात हातात छत्री असतेच, येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडासमोर धाडकन उघडली तर बरेचसे थबकतात. घरी आधी खंडूला छत्री उघडण्याची सवय करा मात्र.

प्रतिसाद (मडगावहून)

पोलिसांत तक्रार द्या सरळ. जनावर नीट न सांभाळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. ऑपरेशनचा खर्च त्यांनीच द्यायला हवा. तुम्ही एवढ्या गप्प कशा बसलात?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, रात्री तीनदा वाचले प्रतिसाद.

बूस्टर व्हेटकडे नेलं त्याच दिवशी दिला होता, लिहायचं राहिलं. तो रॉटवायलर आजही ठणठणीत आहे, त्याचं लसीचं पुस्तकही मी स्वतः बघितलं. तक्रारीचं म्हणाल तर मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी अर्धा खर्च दिला, पण मी पैशासाठी गेले नव्हते, मला त्यांचं फाटक बंद हवं होतं. आता आतून कडी आणि बाहेर दुसरं छोटं दार बसवलंय. ते परत उघडं दिसलं तर मी पंचायतीत आणि पोलिसांत दोन्हीकडे जाणार, हे त्यांना तोंडावर सांगून आलेय. त्या कुत्र्यावर माझा राग नाही. दिवसभर चार भिंतींत कोंडलेला असतो तो.

व्हेटकडे गेले. डिचोलीचे दादा, तुमचं खरं निघालं, मान डावीकडे वळवताना दुखतंय अजून. दहा दिवसांचं दुखण्याचं औषध दिलंय. हार्नेस आणला.

आता एक विचारते, रस्त्यावर परत कधी न्यायचं आणि तेव्हा कुत्रा दिसला की नेमकं काय करायचं? बस म्हणायचं का? तो ऐकतच नाही त्या वेळी.

प्रतिसाद (डिचोलीहून)

बस वगैरे काही नाही ताई. घाबरलेल्याला बस म्हटलं तर तो आणखी अडकल्यासारखा होतो.

उकडलेलं चिकन घ्या, बारीक तुकडे, आणि हे चिकन फक्त याच कामाला, एरवी नाही. शेताच्या बांधासारखी मोकळी जागा बघा जिथे कुत्रा खूप लांबून दिसेल. खंडूने कुत्रा बघितला की लगेच चिकन, एकामागून एक, कुत्रा दिसेनासा झाला की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा आहे, आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग खाणं. उलटं केलंत तर चिकनची पिशवी निघाली की कुत्रा येणार हे तो शिकेल आणि पिशवीलाच घाबरेल. तो खात नसेल किंवा तुमची बोटं ओरबाडत खात असेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे या. माझ्याकडे सुरुवात शंभरेक पावलांवरून झाली होती. काही दिवसांनी तो कुत्रा बघून आपणहून माझ्या तोंडाकडे बघायला लागला, तेव्हा कुठे मी दहा पावलं पुढे गेलो. चार महिने लागले.

घरात रिकामा रस्ता समजून वळायची प्रॅक्टिस करा, चल म्हटलं की दोघांनी गर्रकन उलटं फिरायचं आणि चिकन. रोज वीस वेळा. म्हणजे वळणावर अचानक कुत्रा आला की डोक्याने विचार करावा लागत नाही, पाय आपोआप वळतात. आणि एखाद्या दिवशी झेप घेतलीच तर पुढचे दोन-तीन दिवस घरीच ठेवा, अंगातली ती खळबळ लगेच उतरत नाही.

चवथीला त्याला माणसांत आणू नका. आतली खोली, पंखा, रेडिओ, चघळायला काहीतरी, दाराला बाहेरून कडी आणि मुलांना सक्त ताकीद. ती खोली आजपासून त्याची करा, त्या दिवशी एकदम कोंडू नका. फटाक्यांसाठी व्हेट गोळी देतात, ती आधी एकदा साध्या दिवशी देऊन बघा. आणि जाळीच्या मझलची (तोंडाला घालायच्या मुसक्याची) सवय लावा, तोंड बांधतो ते कापडी नको, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाही आणि आपल्या उकाड्यात ते धोक्याचं आहे.

धागाकर्ती

सोळा दिवसांनी लिहितेय. औषध संपलं, मान वळवतो आता. गुरगुरणं थांबलंय, मी आधी हात दाखवते, तो हुंगतो, मग पुसते.

पोदेरचं मी वेगळंच केलं. त्याला सांगून ठेवलं की वाडीच्या तोंडाशीच हॉर्न वाजव आणि दोन मिनिटं तिथेच थांब. हॉर्न वाजला की मी स्वयंपाकघरात खंडूला चिकन देते. पहिले चार दिवस कान टवकारून दाराकडेच बघत राहिला, खाल्लंच नाही. मग पोदेरला आणखी मागे, वडाजवळ थांबवलं तेव्हा खायला लागला. आज हॉर्न वाजला आणि तो दाराकडे न जाता माझ्याकडे आला. सासूबाई चहा गाळत होत्या, त्यांनी ते बघितलं, आणि कुळागरातली साखळी संध्याकाळी स्वतःच काढून ठेवली.

रस्त्यावर अजून नेलेलं नाही, पुढच्या सोमवारी बांधावर जाणार.

मझल ऑनलाईन मागवतेय. नाकाची लांबी डोळ्यांच्या किती खालून मोजायची आणि घेर तोंड मिटून घ्यायचा की उघडं ठेवून? त्याचं तोंड रुंद आहे, लॅबच्या तयार मापात बसेलसं वाटत नाही.

प्रतिसाद (पेडण्याहून)

डोळ्यांच्या साधारण बोटभर खालून नाकाच्या टोकापर्यंत लांबी. घेर तोंड थोडं उघडं असताना, तो धापा टाकत असेल तेव्हाच टेप फिरवा. दोन मापांच्या मध्ये येत असेल तर मोठं घ्या. आल्यावर लगेच बांधू नका, आठवडाभर त्यातच चिकन टाकून आपणहून तोंड घालू दे.